श्रावणातला केक

वसईतल्या उमेळ्याच्या आमच्या घरापुढे टॅक्सी उभी राहिली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. साल दोन हजार. एव्हरशाईन सिटीतले गणपती नुकतेच उठले होते आणि माझ्या हातावरची लग्नाची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. प्रसाद, माझा नवरा, बॅगा डिकीत बसवत होता. माझे पप्पा त्याला सांगत होते की मोठी बॅग आडवी टाक, आणि तो ती आडवीच टाकत होता. आय, म्हणजे माझी आई, दारातून बाहेरच येईना. मी आत गेले तर ती ओट्याजवळ उभी राहून एका डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत होती.

"बाय, यात केक हाय," ती म्हणाली. "वरचा थर. तिकडं थंडी असंल, टिकंल."

मी म्हटलं, "आय, विमानतळावर उघडून बघतात गं."

"बघू दे. केकच तर हाय."

प्रसादची आई फाटकाशी छत्री घेऊन उभी होती. त्यांच्या एव्हरशाईनच्या घरून निघायचं सोडून आम्ही उमेळ्याहून का निघालो, तर तसा हट्ट त्यांचाच होता. "मुलगी माहेरून निघू दे," असं त्या म्हणाल्या होत्या. टॅक्सी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. पप्पा केळीच्या बागेकडे तोंड करून उभे होते, आणि दोन्ही आया एका छत्रीखाली. महिन्यापूर्वी या दोघी एकमेकींशी धड बोलतही नव्हत्या.

इंग्लंडमध्ये शेफील्डला राहायला आता मला बरीच वर्षं झाली. तुम्ही जे तिथेच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हा दोघांनाही त्या महिन्याची गोष्ट सांगावीशी वाटते. लोक विचारतात, घरची कशाची आठवण येते? मी म्हणते, केकची. ते हसतात. इथे केक काय कमी आहेत?

प्रसाद तुळिंजला संगणकाचा क्लास चालवायचा. मी तिथल्याच एका शाळेत शिक्षिका होते आणि शाळा सुटल्यावर त्याच्या क्लासला जायचे. त्याचे लोक मूळचे मालवणकडचे. परळच्या चाळीतली खोली विकून त्यांनी वसईच्या एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला होता. वडील नव्हते. घरात तो आणि त्याची आई. आम्ही वसईचे ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या बागायतदार. पप्पांची केळी, थोडी फुलं, मागे भाजीचे वाफे. दोन वर्षं आम्ही दोघांनी घरी काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा पप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "लग्न आपल्या चर्चमध्ये होईल. तेवढं झालं की मग मी काही बोलणार नाही."

बिशपांची परवानगी मिळाली. फादर समजूतदार होते. प्रसादच्या आईनेही हरकत घेतली नाही. लग्न पुढच्या जानेवारीत करायचं ठरलं. तेवढ्यात प्रसादला शेफील्डची नोकरी लागली आणि कंपनीने सप्टेंबरमध्येच हजर व्हायला सांगितलं. मला बरोबर न्यायचं तर व्हिसासाठी लग्नाचा दाखला हवा. म्हणजे लग्न ऑगस्टमध्ये. भर पावसात, आणि प्रसादच्या घरच्या हिशोबाने भर श्रावणात.

आमच्याकडे पावसात कोणी लग्न करत नाही. मे महिन्यात मांडव पडतात, नाहीतर नाताळ उलटल्यावर. पप्पांना भलतीच काळजी लागली. आधीच मुलगी बाहेर देतोय, त्यात घाईघाईने, पावसात. लपूनछपून उरकलं असं गावाने म्हणता कामा नये, म्हणून त्यांना सगळं रीतसर हवं होतं. बँड हवा, शेजारपाजार हवा, आणि केक तर तिमजली पांढरा हवा, खांबांवर उभा, वर नवरानवरीची बाहुली. मोठ्या काकांच्या मुलीचा तसाच होता. "त्याच्यापेक्षा एक बोट कमी नको," ते म्हणाले.

मी हे हसत हसत प्रसादला सांगितलं. तो हसला नाही.

"केकमध्ये अंडं असतं ना?" त्याने विचारलं.

त्याचे वडील मूत्रपिंडाच्या आजाराने गेले होते. ते आजारी असताना त्याच्या आईने श्रावण पाळायला घेतला. मासळी, अंडं, काही नाही. ते गेल्यावर लोकांना वाटलं आता सोडतील. त्यांनी सोडला नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की नवरानवरीने केक कापला की पहिला घास एकमेकांना द्यायचा आणि मग दोघांच्या आईवडिलांना, सगळ्यांसमोर.

प्रसादने आईला सुचवलं, "नुसता ओठांना लाव. कोणाला कळणार आहे?"

"देवाला फसवायचं असेल तर तू फसव," त्या म्हणाल्या. "मी लग्नाला येईन, चर्चमध्ये बसेन, फादर सांगतील तेव्हा उभी राहीन. पण ते मला भरवू नका. आणि भरवणारच असाल, तर मी तेवढ्या वेळापुरती बाहेर थांबेन."

बाहेर थांबेन! हे पप्पांना सांगायचं कसं? सगळं गाव बघत असताना मुलाची आई केकच्या वेळी उठून बाहेर गेली, तर जे टाळायला पप्पा एवढी धडपड करत होते, तेच होणार. मी आयला सांगितलं. आयने पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "मग बिनअंड्याचा करायचा? चर्च आमचं, मुलगी आमची, आणि केक त्यांचा?"

त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. एवढं रामायण झालं तेव्हा बोलून दाखवला नव्हता तो सगळा राग त्या केकवर निघत होता. मला ते कळत होतं, आणि तरी मला रडू येत होतं ते केकसाठीच.

वसई गावातल्या एका बेकरीत आय आणि मी गेलो. बेकरीवाल्याने आमच्या घरचे कितीतरी वाढदिवस केले होते. त्याने मान हलवली. "बाय, पांढरं कडक आयसिंग अंड्याच्या पांढऱ्याशिवाय उभंच राहत नाही. क्रीमचा देतो. पण ऑगस्टची हवा आहे. बेकरीतून हॉलपर्यंत नेईस्तोवर त्याला घाम फुटेल." तरी त्याने कंडेन्स्ड मिल्क घालून बिनअंड्याचा एक छोटा केक नमुन्याला करून दिला. आम्ही तो घरी आणून टेबलावर ठेवला. बाहेर पाऊस कोसळत होता, घरातल्या भिंतीसुद्धा ओल्या लागत होत्या. दुपारपर्यंत क्रीमचे गुलाब खाली घसरले आणि कडेने पाण्याचे थेंब ओघळायला लागले. पप्पा बागेतून आले, पाय धुतले आणि टेबलापाशी उभे राहून बघत राहिले.

"याला तर रडू फुटलंय," ते म्हणाले. मग सुरी घेऊन एक तुकडा कापला, खाल्ला, आणि उरलेला केक शेजारच्या पोरांना देऊन टाकला. आठवडाभर घरात केकचं नाव कोणी काढलं नाही. लग्न तोंडावर आलं होतं.

मग एका दुपारी आमच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि तीतून प्रसादची आई उतरली, एकटी. त्याआधी दोन्ही घरं भेटली होती ती एकदाच, स्टेशनजवळच्या हॉटेलात, जिथे सगळे सामोसे समोर ठेवून हवापाण्याबद्दल बोलले होते. आमच्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी साडीचा ओचा वर धरला होता आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं होतं.

पप्पा ओटीवर दोरी वळत बसले होते. त्या सरळ त्यांच्यासमोर गेल्या.

"प्रसादकडून कळलं की केक जमत नाहीये," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे अडलंय. म्हणून हे करून आणलंय. खाऊन बघा."

फडकं सोडलं तर आत धोंडस होतं. मोठ्या तवशाचा कीस, रवा, गूळ, नारळ, आणि वर खमंग लालसर साल आलेली. तवसं म्हणजे पावसाळ्यातली ती जाडजूड काकडी. मालवणकडे याच दिवसांत हे करतात. पातेल्याच्या खाली निखारे, झाकणावर निखारे. पप्पांनी उभ्याउभ्याच एक वडी खाल्ली. मग दुसरी. आय आणि मी दारात उभ्या.

"अंडं नाही यात?" पप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग फुगलंय कसं?"

"दही आणि सोडा. आणि थोडा धीर."

पप्पांनी पातेल्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "तवसं बाजारचं दिसतंय. पाणचट आहे. आमच्या मागच्या वेलावर चांगली लागलीत." आणि मग, दोरी पुन्हा हातात घेत, "पण लग्नाला तवसं कापलेलं लोकांना चालायचं नाही."

तेव्हा आय पहिल्यांदा बोलली. ती पाहुण्यांसमोर फार बोलत नसे. "तवसं नको तर केळं घाला," ती म्हणाली. "केळ्यानं धरून ऱ्हातं. नाताळाच्या केकात एकदा अंडी कमी पडलेली, तवा मी घातलेलं. कोनाला कळलंपन न्हाय."

पप्पा उठले. मला वाटलं, रागावून बागेत चालले. पण ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि सुकेळीच्या पुड्या घेऊन खाली आले. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, संध्याकाळी उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची, असं करत करत ती मधाच्या रंगाची होतात. मग सुक्या पानात घट्ट बांधून ठेवायची. पूर्वी पप्पा ढिगाने करायचे. बाग आटत गेली तशी सुकेळीही घरापुरतीच उरली होती, आणि तीही ते कोणाला सहजासहजी देत नसत. त्यांनी एक पुडी सोडून प्रसादच्या आईपुढे धरली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"हे कुठे मिळतं?" त्यांनी विचारलं.

"मिळत नाही," पप्पा म्हणाले. "मी करतो."

पुढचे दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात काय गोंधळ चालला होता ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. आय म्हणायची दालचिनी, प्रसादची आई म्हणायची जायफळ. आय साखर म्हणायची, त्या गूळ. रवा नारळाच्या दुधात भिजवायचा की दह्यात, यावरून दोघी इतक्या ठाम होत्या की शेवटी निम्मा असा आणि निम्मा तसा भिजवला. आय आमच्या बोलीत, त्या मालवणीत. समजलं नाही की दोघी माझ्याकडे बघायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. पप्पा मागच्या पडवीत निखारे फोडून देत होते. पहिलं पातेलं तळाला लागलं, ते आम्हीच खाल्लं. दुसरं मात्र झाकण काढल्याबरोबर असा वास सुटला की शेजारची रोझी मावशी कुंपणावरून विचारायला आली.

लग्नासाठी तीन पातेल्यांत तीन केक केले, एकावर एक बसतील असे. खांब नाहीत, बाहुली नाही, आयसिंग नाही. पप्पा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काळा झालाय की हो."

"काळा कुठे, सावळा आहे," प्रसादची आई म्हणाली. "तुमची मुलगी सावळी, माझा मुलगा तर तिच्याहून दोन हात पुढे. त्यांना शोभेल."

पप्पा हसले. त्यांना असं मोठ्याने हसताना मी त्या वर्षात पहिल्यांदाच ऐकलं.

लग्नाच्या सकाळी त्यांनी बागेच्या ओलसर कोपऱ्यातला सगळा सोनटक्का तोडून आणला. पांढरी, ओली फुलं केकच्या भोवती आणि थराथरांच्या मध्ये लावली. हॉलमध्ये शिरलं की आधी तो वास यायचा. सर्वांत वरचा थर किंचित कलला होता, प्रसाद सारखा हाताने सावरत होता. मोठी काकी मला हळूच म्हणाली, "आयसिंग राहिलं वाटतं गं?" आणि मी काही बोलायच्या आत आय म्हणाली, "ऱ्हायलं न्हाय. ठेवलं न्हाय."

आम्ही केक कापला. प्रसादला घास दिला, त्याने मला दिला. मग मी तुकडा घेऊन त्याच्या आईपुढे गेले. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, सावकाश चावला. टाळ्या वाजल्या. त्यानंतर मी पप्पांकडे वळणार, तोच प्रसादच्या आईने माझ्या हातातून ताटली घेतली, स्वतः एक तुकडा मोडला आणि पप्पांसमोर धरला. व्याह्याला विहिणीने असं भरवायची रीत आमच्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही. पप्पांनी एकदा गावाकडे पाहिलं, एकदा आयकडे, आणि मान पुढे केली.

"जायफळ जास्त झालं," ते म्हणाले. डोळे पुसायला रुमाल त्यांना खिशात सापडेना.

मग आम्ही निघालो. डब्यातला वरचा थर आम्ही शेफील्डच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत पुरवून पुरवून खाल्ला. संपला त्या दिवशी मी उगाचच प्रसादशी भांडले. पुढे अनेकदा तसा केक करून पाहिला. इथली केळी गोड असतात पण पाण्यासारखी. सुकवलेली केळी मिळतात ती बटाट्याच्या वेफर्ससारखी कुरकुरीत. एका पोर्तुगीज दुकानात अंजिरं मिळाली, ती घालून पाहिली. केक चांगला झाला, शेजारणीने कृती मागितली. मी तिला कृती सांगितली आणि सांगताना लक्षात आलं की मी जो सांगतेय तो आमचा केक नव्हेच.

दर रविवारी मी फोनचं कार्ड घेऊन दोन्हीकडे बोलायचे. आधी उमेळ्याला, मग एव्हरशाईनला. काही महिन्यांतच असं व्हायला लागलं की एव्हरशाईनचा फोन कोणी उचलायचं नाही, कारण प्रसादची आई उमेळ्यालाच बसलेली असायची. नाताळात त्या आयच्या हाताखाली करंज्या लाटायच्या, गणपतीत आय त्यांच्या घरी मोदकांचं खोबरं खवून द्यायची. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोघी मिळून केक करायच्या आणि पप्पांना निखारे फोडायला लावायच्या. मग फोनवर मला सांगायच्या, यंदा असा झाला, यंदा दही आंबट होतं. मागून पप्पांचा आवाज यायचा, "जायफळाचं सांग तिला." मी इथे खिडकीशी उभी राहून ऐकायचे. आनंद व्हायचा. त्याच्या खाली काहीतरी टोचायचं. ज्यांच्यासाठी तो केक केला, ते आम्ही दोघे सोडून बाकी सगळे तिथे होते.

पप्पा गेले तेव्हा माझे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही, आणि मला सोडून जाणं प्रसादला शक्य नव्हतं. मी गेले नाही. प्रसादची आई आपलं घर बंद करून उमेळ्याला राहायला गेली आणि महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत आयजवळ राहिली. रोज संध्याकाळी प्रार्थनेला त्या सगळ्या बायकांत भिंतीला टेकून बसायच्या, असं रोझी मावशीने मला फोनवर सांगितलं. नंतर काकांच्या मुलांनी बाग बिल्डरला द्यायचं ठरवलं. आयचा हिस्साही त्यातच होता. ती एकटी काय करणार होती? तिने फक्त एवढंच सांगितलं की आपल्याला त्या जागेवर बांधलेल्या इमारतीत घर नको. तिने फ्लॅट घेतला तो एव्हरशाईनला, प्रसादच्या आईच्या खालच्या मजल्यावर.

मी परत गेले ती थेट दोन हजार सातला, मुलीला घेऊन. उमेळ्याला जाऊन आले. पाच मिनिटं रस्त्यावर उभी राहिले. बाग होती तिथे पार्किंग होतं. फाटक कुठे होतं तेही मला नक्की ठरवता येईना, आणि मी कोणाला विचारलंही नाही.

आयच्या फ्लॅटमध्ये मात्र मला वेगळंच वाटलं. ते घर मी कधी पाहिलं नव्हतं. पाणी कुठे, कप कुठे, दिव्याचं बटण कोणतं, सगळं विचारावं लागायचं. आणि तिथे या दोघी अशा वावरायच्या की जणू जन्म तिथेच गेला. सासूबाई जिना उतरून न विचारता आत यायच्या. आय त्यांना नावाने हाक मारायची, "सुलू". त्या आयला "बाय" म्हणायच्या, आय मला मारायची तीच हाक. दोघींची मिळून आता तिसरीच कुठलीतरी भाषा झाली होती, निम्मी आमची, निम्मी मालवणी, आणि मधूनमधून मला शब्द अडायचे. मी दुसऱ्यांदा विचारलं की दोघी हसायच्या. माझ्या मुलीला काही अडत नव्हतं. ती दोघींच्या मधे बसून शेंगा सोलत होती.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळ झाली. सासूबाईंनी वर जाऊन देवापुढे दिवा लावला आणि खाली आल्या. आयने पप्पांच्या फोटोशेजारच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या छोट्या वेदीवर, मेणबत्ती लावली आणि रोजरीची माळ काढली. सासूबाई खिडकीशी पाटावर बसून हळू आवाजात त्यांचं स्तोत्र म्हणायला लागल्या, आय खुर्चीत बसून तिची प्रार्थना. एकमेकींचं एकमेकींना अडत नव्हतं. मी मधे उभी. आयचे शब्द मला पाठ होते पण सुरुवात चुकली होती, सासूबाईंचे मला कधीच आले नव्हते. मी नक्की कुठे बसावं, कोणाबरोबर म्हणावं, की मुलीला घेऊन आत जावं, काही कळेना.

सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"लीना, उभी का?" त्या म्हणाल्या. "बस नुसती. म्हणायला आम्ही आहोत."

आयने माळेवरचा हात न थांबवता बाजूची चटई पायाने माझ्याकडे सरकवली. मी बसले. बाहेर कॉलनीत पोरं क्रिकेट खेळत होती, कोणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. मी काहीच म्हटलं नाही. दोघींचं म्हणून होईपर्यंत मी तशीच बसून राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुठे जायचं आहे असं वाटलं नाही.